विश्वामित्रीचा आराखडा पावागढ ते खाडी असा एकच व्हावा. बैठकीला कोणाकोणाला बोलवायचं?

अकोटाकर

नमस्कार मंडळी,

आमच्या भागातल्या काही सोसायट्या मिळून बडोद्याच्या विश्वामित्री नदीबद्दल एक निवेदन तयार करताहेत. पहिल्याच बैठकीत वाद झाला तो नदी कुठून कुठवर धरायची यावरून. बहुतेकांचं म्हणणं, समा ते वडसर, शहरातून जाते तेवढी धरा. बाकीची आपल्या हातात नाही.

मला हे पटत नाही. पाणी पडतं पावागढावर, तो पंचमहाल जिल्हा. वाटेत सूर्या नदी, आजवा आणि प्रतापपुरा तलाव, मग शहर. पुढे पिंगळवाड्याजवळ विश्वामित्री ढाढर नदीला मिळते. ढाढर तोवर देव नदीचं पाणी पोटात घेऊन आलेली असते. ती जंबुसर-आमोदच्या बाजूने खंभातच्या आखातात जाते, तो भरूच जिल्हा. म्हणजे एका पाण्याला तीन कलेक्टर. शिवाय आजवा महापालिकेचा, देव धरण राज्याच्या पाटबंधारे खात्याचं, मगरी वन खात्याच्या, सांडपाण्याचा जाब विचारायचा प्रदूषण नियंत्रण मंडळाने, आणि खाडीला किनारा नियमनाचे कायदे. प्रत्येकाचा आपापला कागद आहे. सगळ्यांनी एकत्र बसून केलेला एकही नाही.

माझं मत: निवेदनातली पहिली मागणी भिंत, खोदकाम, सुशोभीकरण यातली कुठलीच नसावी. डोंगरापासून खाडीपर्यंतच्या सगळ्यांची एक कायम बैठक ही पहिली मागणी असावी. तुमचा अनुभव काय? कोण नसेल तर ही बैठक फुकट जाईल?

मांजलपूरची_मंजू

विचार चांगला आहे, पण आधी आमचं ऐका. 2024 ला आमच्याकडे पाणी ओसरायला इतका वेळ लागला की सासऱ्यांना गच्चीवरच्या खोलीत ठेवावं लागलं. काळाघोड्याच्या पुलावर धोक्याची खूण 26 फुटांची आणि नदी 35 च्या पुढे गेली होती. बैठका वर्षानुवर्षं चालतील, तोवर आम्ही काय करायचं? 2025 च्या उन्हाळ्यात शहर हद्दीत नदी खोल-रुंद करायचं काम झालं ते मला हवंच होतं. गाळ काढा, कांसांवरची (पावसाळी नाल्यांवरची) बांधकामं काढा. बाकीचं नंतर.

काळाघोडा_26

बैठक ठेवाल तर सेव-उसळीच्या गाडीजवळ ठेवा, तिन्ही कलेक्टर वेळेवर येतील :)

गंमत बाजूला, धागा फार गरजेचा आहे. वाचतोय.

नकाशेवाला

मंजूताईंचं दुःख खरं आहे, आणि कांसांबद्दल त्या शंभर टक्के बरोबर आहेत. भूखी कांस, रूपारेल कांस हे शहराच्या पाण्याचे जुने रस्ते. त्यांच्यावर स्लॅब टाकून वर वसाहती उभ्या राहिल्या.

खोदकामाबद्दल मात्र एक गोष्ट मांडतो. मी पाणी-निचऱ्याच्या कामात आयुष्य घालवलंय. शहरातला पात्राचा तुकडा खोल आणि रुंद केला की शहरातलं पाणी लवकर निघतं. निघून जातं कुठे? पिंगळवाड्याकडे. तिथे ढाढर देव धरणाच्या पाण्याने आधीच तुडुंब असेल तर विश्वामित्रीला जागाच मिळत नाही, पाणी मागे तुंबत येतं. मग खालच्या करजण-पादऱ्याच्या गावांत पाणी शिरतं आणि आपल्याकडेही उतरत नाही. आपण फक्त आपला तुकडा मोकळा केला तर खालच्यांच्या वाट्याला तेच पाणी कमी वेळात, जास्त जोराने जाईल.

म्हणून आजवाचे 62 दरवाजे आणि देव धरणाचे दरवाजे कधी, किती उघडायचे हे एकमेकांना विचारून ठरलं पाहिजे. पावसाळ्याआधी लिहून ठेवलेलं, गावांना माहीत असलेलं वेळापत्रक. त्याला फार मोठा खर्चही नाही.

इंदूरी_पोहे

इंदूरहून राम राम. आमचा अनुभव कामी येईल म्हणून लिहितो. कान्ह आणि सरस्वती नद्यांत पडणारे नाले आमच्याकडे मोठ्या कष्टाने बंद केले, 2021 ला शहराला 'वॉटर प्लस' असा दर्जाही मिळाला. पण कान्ह पुढे क्षिप्रेला मिळते, आणि उज्जैनच्या घाटांवर ते पाणी नको म्हणून आता 2028 च्या सिंहस्थासाठी कान्हेचं पाणी बंद नळीतून उज्जैनच्या पलीकडे नेण्याचं काम चाललंय. पलीकडे सोडलं तरी ते कोणाच्या तरी दारात जाणारच. दोन्ही शहरांनी पहिल्यापासून एकत्र आखणी केली असती तर वेगळं काही झालं असतं असं मला मनापासून वाटतं.

खाडीपार

अकोटाकर, धाग्याबद्दल आभार. बँकेच्या नोकरीत बरीच वर्षं जंबुसर तालुक्यात काढली. बडोद्यात नदीची चर्चा निघाली की ती वडसरला येऊन थांबते, याचं मला तेव्हाही वाईट वाटायचं.

आपल्यातल्या बहुतेकांनी कावी-कंबोईचं स्तंभेश्वर पाहिलं असेल. भरतीला महादेव पाण्याखाली जातो, ओहोटीला बाहेर येतो, म्हणून लोक जातात. ते मही नदीचं मुख. ढाढरचं मुख त्याच किनाऱ्यावर दक्षिणेला. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक भावनगरच्या बाजूला दहा मीटरच्याही वर जातो, जगातल्या मोठ्यांपैकी तो एक. एवढं पाणी आत येतं आणि जातं, तेव्हा नदीचं पाणी समुद्रात कधी शिरेल हे समुद्र ठरवतो.

आता तारखा बघा. 2019 चा मोठा पाऊस 31 जुलैला झाला, एका दिवसात जवळपास 500 मिलिमीटर. त्या दिवशी आषाढी अवस लागली होती, म्हणजे उधाणाचे दिवस. 2024 चा पूर आला जन्माष्टमीला. अष्टमी म्हणजे भांग, भरती सगळ्यात मवाळ. तरीही पाणी दिवसेंदिवस हललं नाही. तेव्हा सगळा दोष भरतीला देता येत नाही, शहराच्या आसपासच पाणी अडतंय हे मंजूताईंचं म्हणणं त्यातून दिसतं. पण 2024 सारखा पाऊस उधाणाच्या दिवसांत पडला तर ढाढरकाठच्या गावांचं काय होईल याचा हिशोब कोणत्या कागदात आहे?

हे खाडीवरच्या माणसाला पंचांगाशिवाय कळतं. पाणी किती वाजता फिरतं, कुठे गाळ साचून वाट बदलली, कोणत्या वर्षापासून कोणती मासळी कमी झाली. निवटे चिखलावर दिसेनासे झाले की तो काळजीत पडतो. त्याला बोलावलं नाही तर बैठक फुकट.

मांजलपूरची_मंजू

@खाडीपार, तिथीचं लक्षातच आलं नव्हतं कधी. त्या वर्षी जन्माष्टमीचा पाळणा तसाच राहिला होता आमचा.

@नकाशेवाला, वेळापत्रकाचं पटलं. "आजवा सोडलं" हे आम्हाला व्हॉट्सअॅपवर कळतं, आणि त्यात निम्म्या अफवा. पण खोदकाम चूक होतं असं तुम्ही म्हणताय का?

नकाशेवाला

चूक नाही म्हणत. अपुरं म्हणतो. खालच्या बाजूचा विचार आधी करून वर खोदावं, आणि पाणी अडवायची जागाही वरच शोधावी. पावागढाच्या पायथ्याला चांपानेरचं वडा तळं आहे, आणि वाटेत गावोगावची तळी आहेत. ती गाळाने भरलीत. तिथे थांबलेलं पाणी शहरात येतच नाही. आजवाही त्याच विचारातून आलेला. सयाजीराव महाराजांच्या काळात, 1890 च्या आसपास शहराला पिण्याच्या पाण्यासाठी तो बांधला, आणि पाणी उताराने शहरात यावं अशी जागा निवडली. त्या पिढीने शहराबाहेर, डोंगराकडे बघून योजना केली होती.

सुसरबाई

मी मगरी पकडून सुरक्षित सोडणाऱ्या गटाबरोबर काम करते. एक सदस्य धाग्यात अजून आलेला नाही, तो मी आणते.

2025 च्या गणनेत शहराच्या पट्ट्यात चारशेच्या वर मगरी मोजल्या गेल्या. एवढ्या दाट वस्तीतून मगरी राहतात असं शहर शोधून सापडणार नाही. मगर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे संरक्षण वाघाइतकंच. ती उन्हाळ्यात उताराच्या मातीच्या काठात खड्डा करून अंडी घालते, आणि पिल्लं पावसाळा तोंडावर आला की बाहेर येतात. कासवांचंही काठावरच चालतं. आणि आपण काठ खोदायला नेमका उन्हाळाच निवडतो, कारण तेव्हा पाणी कमी असतं.

काम करू नका असं मी म्हणणार नाही. पण कोणत्या टप्प्यात घरटी आहेत हे आधी पायी फिरून बघा, तो टप्पा त्या वर्षी सोडा, आणि काठ काँक्रीटने उभा करू नका. कोतरं (नदीकाठच्या घळी) भरू नका. कोतरं भरली की मगर पुरात सोसायटीत येते. तिला जायला दुसरी जागाच राहत नाही. 2024 ला रस्त्यावर मगरी आल्या त्याचे व्हिडिओ जगभर फिरले. आम्ही त्या दिवसांत झोपलो नाही.

आजोळ_रावपुरा

सुसरबाई, तुमच्या कामाला माझा नमस्कार. आमच्या लहानपणी कमाटीबागेच्या पुलावरून खाली मगर दिसली की वडील सायकल थांबवून दाखवायचे. कीर्तिमंदिराच्या बाजूला पाणी तेव्हाही फार नितळ नव्हतं, पण वास नव्हता. आता उन्हाळ्यात पुलावरून जाताना नाकाला पदर लागतो. पुराइतकंच हेही निवेदनात घ्या. वर्षातले थोडे दिवस पूर असतो, बाकी सगळं वर्ष नदीत सांडपाणी वाहतं.

पादरा_रोड

काकूंच्या बोलण्याला जोडून लिहितो. आमची शेती पादरा तालुक्यात, चार पिढ्या.

शहराच्या लोकांना एक नदी दिसते, आम्हाला दोन. दुसरी माणसाने बांधलेली आहे. रिफायनरी आणि नंदेसरीच्या बाजूच्या कारखान्यांचं प्रक्रिया केलेलं पाणी वाहून नेणारा कालवा 1983 पासून चालू आहे. पन्नास किलोमीटरहून लांब, आमच्या तालुक्यातून जंबुसरमधल्या सारोदपर्यंत, तिथे महीच्या खाडीत सुटतो. कल्पना अशी की उधाणाच्या पाण्यात ते विरून जाईल. बांधला तेव्हा मिनी आणि मही नद्यांत आणि शेतांत सोडण्यापेक्षा हे बरं असंच सगळ्यांना वाटलं असणार.

पण बघा, शहराने सांडपाणी विश्वामित्रीत सोडलं, कारखान्यांनी कालव्यातून खाडीत. दोन्ही वाटांचा शेवट एकाच किनाऱ्यावर. आमच्याकडे बोअरला रंगीत पाणी आलेली गावं आहेत. पाऊस ओढ देतो तेव्हा पिकासाठी कालव्याचंच पाणी उपसणारे शेतकरीही मी पाहिलेत, कारण पर्याय नव्हता. त्यांना कोणी बैठकीला बोलावलं नाही. कारखान्यांनाही बोलवा असं माझं म्हणणं आहे. ते खोलीत नसतील तर त्यांच्याबद्दल नुसतं बोललं जाईल, काही ठरणार नाही.

पोटोमॅककाठी

मूळची दांडिया बाजारची, आता मेरीलँडमध्ये. 1983 वाचलं आणि थांबले. त्याच वर्षी डिसेंबरात इथे चेसापीक उपसागरासाठी पहिला करार झाला. मेरीलँड, व्हर्जिनिया, पेनसिल्व्हेनिया, वॉशिंग्टन शहर आणि केंद्राची पर्यावरण संस्था, सगळ्यांच्या सह्या.

यातलं पेनसिल्व्हेनिया मला महत्त्वाचं वाटतं. त्या राज्याला उपसागराचा किनाराच नाही. पण सस्क्वेहाना नदी तिथून येते आणि उपसागराचं जवळजवळ अर्धं गोडं पाणी तिचं. तिथल्या शेतातलं खत इथल्या खेकड्यांपर्यंत पोचतं. किनारा नसलेल्यांना सहीला बसवणं हे त्या कराराचं खरं काम होतं. आपल्याकडे हालोल-पावागढचं तेच स्थान आहे.

सगळं गोड झालं असं सांगणार नाही. 2014 च्या करारात 2025 पर्यंतची लक्ष्यं ठरली होती, त्यातली बरीच पूर्ण झाली नाहीत. शेतातून येणारं नत्र रोखणं सगळ्यात अवघड गेलं. पण पाण्याची मोजणी दरवर्षी होते, आकडे सगळ्यांपुढे येतात, आणि कोण मागे पडलं हे लपत नाही.

काळाघोडा_26

अमेरिकेत पैसा आहे, ताई. आपल्याकडे तीन खात्यांना एका खोलीत आणणं म्हणजे तीन मगरींना एका टबात बसवणं.

सुसरबाई

@काळाघोडा, मगरी उन्हात एकाच काठावर शांत पडून असतात हो. रोज बघते :)

अकोटाकर

हाहा, सुसरबाई जिंकल्या.

पैशाचं म्हणाल तर ओडिशाचं चिलिका आहे. सरोवराचं समुद्राकडचं तोंड गाळाने बुजत चाललं, खारेपणा घटला, मासळी गेली, नको त्या वनस्पती माजल्या. 1991 ला ओडिशाने त्यासाठी वेगळं प्राधिकरण काढलं. सप्टेंबर 2000 मध्ये समुद्राकडे नवं तोंड उघडलं, मासळी परतली, आणि 2002 मध्ये रामसर या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या धोक्यातल्या जागांच्या यादीतून चिलिका बाहेर आलं. वरच्या पाणलोटातल्या गावांबरोबरही काम झालं, कारण गाळ तिथून येतो.

नकाशेवाला

चिलिकाला सरकारने प्राधिकरण दिलं, हा फरक विसरू नका. आपल्याकडे कायद्याचा आधार कुठे आहे ते मांडतो.

पूररेषेच्या आत काय बांधायचं याचा नमुना कायदा केंद्राने 1975 मध्ये राज्यांना पाठवला. मणिपूर, राजस्थान, उत्तराखंड अशा मोजक्या राज्यांनी केला. गुजरातने नाही. गंगेच्या खोऱ्यात 2016 च्या आदेशाने प्रत्येक जिल्ह्यात कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली गंगा समिती असते. विश्वामित्रीला तसं काही नाही. पण आपल्याकडे राष्ट्रीय हरित लवादाचा 2021 चा विश्वामित्रीवरचा निकाल आहे. नदी, तिचा पूरपट्टा आणि कोतरं सांभाळून कृती आराखडा करा असं त्यात सांगितलंय. निवेदनात त्याचा आधार घ्या, म्हणजे आपण नवीन काही मागत नाही, सांगितलेलं करा म्हणतोय असं होईल.

मांजलपूरची_मंजू

मग पूररेषा आखा आणि दगड रोवा. नकाशा कचेरीत ठेवू नका. नवीन फ्लॅट घेणाऱ्याला दिसला पाहिजे की आपण नदीत घर घेतोय.

आजोळ_रावपुरा

वा मंजू. हे निवेदनात शब्दशः घाला.

पादरा_रोड

नकाशा मराठी-इंग्रजीत नको, गुजरातीत हवा. आणि गावच्या ग्रामसभेत वाचून दाखवायला हवा. आमच्याकडे पूर कुठवर आला ते सांगणारी म्हातारी माणसं आहेत, देवळाच्या भिंतीवर खुणा आहेत. उपग्रहाच्या चित्राबरोबर त्या खुणाही धरा.

खाडीपार

थोडं विषयांतर, पण जवळचंच. नर्मदेच्या मुखाशी भाडभूतला बंधारा होतोय, 2017 ला पायाभरणी झाली. खारं पाणी आत येऊ नये आणि गोडं साठावं हा हेतू. भरूचकडच्या शेतकऱ्यांची आणि पाणीपुरवठ्याची ती गरज खरी आहे. पण पावसाळ्यात समुद्रातून नदीत चढणारी पाला मासळी ज्यांचं वर्षभराचं पोट भरते, ते मच्छीमार पहिल्यापासून विरोधात आहेत. एकाच नदीकाठची दोन माणसं, दोघंही खरं बोलताहेत. अशा वेळी आराखडा आधी होऊन लोकांना नंतर बोलावलं तर उरतं ते फक्त भांडण किंवा भरपाई. ढाढर-महीला अजून वेळ आहे म्हणून सांगतोय.

पोटोमॅककाठी

@खाडीपार, हे फार नेमकं लिहिलंत. आधी बोलावणं.

अकोटाकर

मंडळी, सगळ्यांचं वाचून मसुदा असा बदलतोय. आधी 2021 च्या निकालाचा आधार. मग मागणी: पंचमहाल, वडोदरा, भरूच या तिन्ही जिल्ह्यांची एक कायम समिती, जिच्यात खात्यांइतकीच जागा ढाढरकाठच्या ग्रामपंचायती, खाडीचे मच्छीमार, पादऱ्याचे शेतकरी, कारखाने आणि पूरग्रस्त सोसायट्यांना असेल. तिचं पहिल्या वर्षाचं काम तीनच गोष्टींचं. आजवा आणि देव धरणाचं पाणी सोडायचं एकत्र वेळापत्रक, भरतीचं कोष्टक समोर ठेवून. पूररेषा जमिनीवर आखणं, गावच्या खुणांसह. आणि पावागढापासून सारोद व ढाढरच्या मुखापर्यंत ठरलेल्या जागी पाण्याची मोजणी, आकडे दर महिन्याला गुजरातीत जाहीर. खोदकाम चालू राहील, पण मगरी-कासवांच्या घरट्यांची पाहणी झाल्यावर, आणि खालच्या गावांवर काय परिणाम होईल हे त्या गावांत सांगितल्यावर.

मंजूताई, तुमच्या सोसायटीची सही मिळेल का?

मांजलपूरची_मंजू

मिळेल. पण "खोदकाम चालू राहील" हे वाक्य वर घ्या, शेवटी नको. आमचे लोक तेवढंच शोधतील.

नकाशेवाला

तीन गोष्टींत वरच्या तळ्यांचा गाळ राहिला. चौथी करा, नाहीतर पंचमहालवाल्यांना या बैठकीत स्वतःचं काही दिसणार नाही. पाणी त्यांच्याकडेही उन्हाळ्यात आटतं.

अकोटाकर

दोन्ही मान्य, बदलतो. पहिली बैठक शहरात न ठेवता पिंगळवाड्याच्या बाजूला ठेवावी असं वाटतंय. खाडीकडच्या लोकांना बडोद्याला येणं लांब पडेल. @खाडीपार, @पादरा_रोड, तुमच्या ओळखीने निरोप जाईल का?

पादरा_रोड

आमच्या गावचे आणि शेजारच्या दोन गावचे सरपंच मी आणतो. शेतीची कामं आटोपल्यावर, संध्याकाळी ठेवा.

खाडीपार

मच्छीमारांना मी स्वतः जाऊन सांगेन, फोनवर नको. तारीख ठरवताना अवस-पुनव टाळा, उधाणाला ते जाळ्यावर असतात. अष्टमी-नवमी धरा, म्हणजे येतील.